एकच हद्द

कारखान्यात त्याला सगळे चुळबुळ्या म्हणत, तेही तोंडावर. माणूस बावन्न वर्षांचा, पण बूड एका जागी टिकेल तर शपथ. गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरणारा, कुलूप लावून झाल्यावर तीनदा ओढून बघणारा. काम मात्र स्वभावाला साजेसं मिळालं होतं. बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रं कधी जागी व्हावीत, कधी झोपावीत आणि बॅटरी किती उरली की मुकाट बंद व्हावीत, हे तो ठरवायचा.

या वेळचं यंत्र बोलण्याचं होतं. ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज गेला, त्यांनी ते हनुवटीखाली टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की यंत्राच्या गुणगुणण्याचे शब्द होत. त्याच्या थोरल्या बहिणीचा आवाज दोन वर्षांपूर्वी असाच गेला होता. पंचवीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई घरात पाटी घेऊन बसायची, ते त्याला बघवत नसे. पहिला माल तयार झाला तसं एक यंत्र त्याने मिरवत घरी आणलं.

"ताई, हे घे. आणि उठसूट चार्जिंगला लावू नकोस हं, बॅटरीचं आयुष्य कमी होतं."

ताईने ऐकलं. तीन दिवस ती आरशासमोर धड्याची तालीम करत होती, कारण चौथ्या दिवशी अकरा वाजता शाळेत तिची परीक्षा होती. एक तास शिकवायचं, मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून बघणार, आणि मग तिला परत घ्यायचं की कायमचं घरी बसवायचं ते ठरणार.

त्याच दिवशी पावणेअकराला दुरुस्ती विभागातली मुलगी एक यंत्र घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

"काका, हे परत आलंय. गिऱ्हाईक म्हणतं, सारखं चालू-बंद होतंय."

"काय धाड भरलीय याला?" म्हणत त्याने बॅटरी काढली आणि टेबलावरच्या पॉवर सप्लायची वायर जोडली. यंत्र झकास चाललं. "बघ. त्यांनाच वापरता येत नसेल." मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने त्याचीच बॅटरी परत बसवली.

टुंग. गप्प. टुंग. गप्प. टुंग.

जागं होताना यंत्र एकदम विजेचा मोठा घोट घेतं. बॅटरी अर्धी असेल तर तेवढ्यानेच तिचा जोर क्षणभर खचतो. यंत्राला वाटतं संपली, ते झोपतं. ओझं उतरलं की बॅटरी सावरते, की हे पुन्हा जागं. चालू व्हायची हद्द आणि बंद व्हायची हद्द, दोन्हींत अंतर ठेवायला हवं होतं. या शहाण्याने एकच ठेवली होती. टेबलावरचा सप्लाय कधी खचत नाही, म्हणून चूक कुणाला दिसली नाही. बॅटऱ्या चार्ज करण्यात वेळ जातो, चारशेच्या चारशे चाचण्या सप्लायवरच उरका, हा हुकूमही त्याचाच.

आणि ताईचं यंत्र तीन दिवस चार्जिंगला लागलेलं नव्हतं.

त्याने फोन लावला. बंद. वर्गात जाणारी बाई फोन कशाला चालू ठेवील? कपाटातली भरलेली बॅटरी खिशात कोंबून तो धावत सुटला. टॅक्सीवाल्याला त्याने इतक्या वेळा "जरा दामटा की" म्हटलं, की त्या गृहस्थाने गाडी थांबवून "उतरता का?" असं विचारलं. तेव्हा कुठे तो गप्प झाला. पाय मात्र हलतच होते.

शाळेच्या व्हरांड्यातच त्याला ते ऐकू आलं. टुंग. "वारे जेव्हा स—" टुंग. "वारे—" टुंग. आणि वर्गभर खसखस. काचेतून त्याला ताई दिसली. कानशिलं लाल, एक हात टेबलावर घट्ट रोवलेला. त्याने दार ढकललं आणि नेमकी तेव्हाच घंटा झाली. मुलं त्याच्या अंगावरून बाहेर पळाली.

"बाई, रोज असं झालं तर मुलांनी शिकायचं काय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

ताईने भावाकडे एकदा पाहिलं, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: चूक माझी. चार्ज करायला विसरले.

तक्रार कारखान्यापर्यंत पोचू न देता ती त्याची नोकरी वाचवत होती, स्वतःची घालवून. त्याला भडभडून आलं.

"खोटं लिहितेय ती!"

"आपण कोण?"

"हिचा धाकटा भाऊ. या यंत्रात चूक ज्याने केली तो मीच." आणि त्याने घडाघडा सगळं सांगितलं.

"लिहून द्याल? मला वर दाखवावं लागेल."

वहीच्या पानावर त्याने कारखान्याचं नाव, आपला हुद्दा आणि आपली चूक लिहून खाली सही केली. मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा वाचला. "उद्या अकराला. एकच तास."

बाहेर येऊन ताईच्या यंत्रात नवी बॅटरी घालताना त्याचं तोंड सुरू झालं. "आत्ता जाऊन सगळा माल थांबवतो, साहेबांना सांगतो, पुन्हा चारशे चाचण्या घेतो, या वेळी बॅटरीवर..."

ताईने यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं आणि हनुवटीखाली धरलं.

"चारशे वेळा टेबलाला विचारलंस. मी घरातच होते की रे. एकदा तरी म्हणालास, ताई, तू दिवसभर बोलून बघ, मग पुढं पाठवतो?"

बॅटरी भरलेली होती. एकही शब्द तुटला नाही, आणि त्याला सगळं ऐकावं लागलं.