दौलतमास्तरांचा कोलंबस

दौलतमास्तर स्वतःच्या वर्गातसुद्धा विचारल्याशिवाय शिरत नसत. चपला बाहेर काढून उंबरठ्याशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "येऊ का रे पोट्टेहो?" पोरं "या" म्हणाली की मगच पाऊल आत. एकदा पोरांनी गंमत म्हणून "नका येऊ" म्हटलं, तर हा गृहस्थ खुशाल ओट्यावर बसून सुपारी कातरू लागला. शेवटी पोरंच कंटाळून बोलवायला आली.

रिठदच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली नवा मास्तर म्हणून होतो. पुस्तकात कोलंबसाचा धडा होता. तो समुद्रापार गेला, किनाऱ्यावर स्पेनच्या राजाचा झेंडा रोवला, अमेरिकेचा शोध लागला, धडा संपला. मास्तरांचा मात्र तिथून सुरू व्हायचा.

"तिथं आधीच मानसं राहत होती. त्याईनं याले पोपट देल्ले, कापसाचं सूत देल्लं. आपल्यासारखेच कापूसवाले लोक. अन् यानं त्याईलेच धरून नेलं. येऊ का म्हनून एका शब्दानं इचारलं नाही."

पुढं शाळातपासणीला डिपटीसाहेब आले, ते बुटांसकट थेट वर्गात. खुर्चीवर बसत त्यांनी विचारलं, "कोलंबसानं काय केलं?"

पार्वती नावाची धीट पोरगी उठली. "इचारल्याबिगर घुसला," म्हणाली, आणि साहेबांच्या बुटांकडे बघत राहिली.

साहेबांचा पारा चढला. उत्तर चुकलं असं मास्तरांनी वर्गासमोर सांगावं, नाहीतर नोकरी गेली समजावी, असं त्यांनी सुनावलं. मास्तरांचं घर त्या नोकरीवरच चालत होतं. मी मागून खुणा करत होतो, म्हणून टाका एकदाचं.

मास्तर म्हणाले, "सायेब, पोरगी खरं बोलली. खऱ्याले खोटं म्हनाची नोकरी मले जमत नाही."

त्यांनी टोपी नीट केली आणि दारातून वळून विचारलं, "जाऊ का रे पोट्टेहो?" कुणीच "जा" म्हटलं नाही. आयुष्यात तेवढं एकदाच ते परवानगीवाचून गेले.

दुसऱ्या दिवशी तो वर्ग मला मिळाला. धडा पुस्तकाप्रमाणेच शिकवावा, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. उंबरठ्यावर टाकलेलं पाऊल मी मागं घेतलं आणि विचारलं, "येऊ का?"

पोरांनी पार्वतीकडे पाहिलं. मग पार्वती उभी राहिली.

"कोलंबसाचं काय सांगसान?"

"मास्तरांनी सांगितलं तेच."

"मंग या," ती म्हणाली.