टाकीच्या कार्डावरच्या दोन सह्या

"हा जीबीएस दिसतोय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "गिलियन बारे सिंड्रोम."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली होती. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. मी कॅज्युअल्टीतल्या खाटेवर पडून स्वतःच्या पायांकडे बघत होतो. ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. शरीरात जंतू शिरला की आपली प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढते. कधी कधी जंतू संपला तरी ती थांबत नाही, आपल्याच मज्जातंतूंना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. मज्जातंतू म्हणजे नर्व्हज, मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या तारा. त्यांचं आवरण जळालं की निरोप पोचत नाही.

"जंतू आला कुठून?" मी विचारलं.

"दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते म्हणालात. बहुतेक त्यातून. पाणी असेल, बाहेरचं खाणं असेल. नेमकं सांगता येणार नाही."

ते शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. मला त्या क्षणी एक दोषी माणूस हवा होता. आणि तो चार फुटांवर उभा होता: आमच्या सोसायटीचा वॉचमन, बालाजी.

त्यानंच मला आणलं होतं. सकाळी पार्किंगमध्ये गाडीला किक मारताना माझे पाय गेले आणि मी खाली बसलो तो उठलोच नाही. बालाजीनं मला पाठीवर घेतलं, गेटपर्यंत पळत नेलं, रिक्षात टाकलं आणि माझं डोकं मांडीवर धरून बसला. माझी बायको मनीषा शाळेत शिकवते. ती येईपर्यंत त्यानं माझी खाट सोडली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी काय केलं ते वाचताना हे लक्षात असलेलं बरं.

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. मूळ सोलापूर जिल्ह्यातला, गेली वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात. राहायला रहाटणीत. आजारी पडलो तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

तुमच्या घरात कुणाला जुलाबानंतर दोन्ही तळव्यांना मुंग्या यायला लागल्या, जिने चढताना पाय जड झाले, तर थांबू नका. मी चार दिवस थांबलो. शिफ्ट चुकवायची नव्हती. बाईकचा ब्रेक दाबताना पाऊल कापसात रुततंय असं वाटायचं आणि मी बूट बदलून बघत होतो.

दाखल झाल्यावर दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन स्टडी म्हणजे तारांमधून बारीक करंट सोडून निरोप किती वेगानं जातो ते बघणं. आणि लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढणं. मग आयव्हीआयजी, म्हणजे बिथरलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध, सुरू झालं. ते पाच दिवस सलाइनमधून देतात. मॅडम म्हणाल्या, "हे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेलं असतं. असंख्य लोकांचं थोडं थोडं." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

रोज सकाळी मला एका दमात आकडे मोजायला लावायचे. पहिल्या दिवशी अठ्ठावीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी नऊवर दम संपला. मॅडमनी मनीषाला बाहेर नेलं. तासाभरात माझ्या घशात नळी होती आणि माझा श्वास मशीन घेत होतं. म्हणजे व्हेंटिलेटर.

यापुढचं सांगणं अवघड आहे.

जीबीएसमध्ये डोकं शाबूत राहतं. सगळं ऐकू येतं, समजतं, दुखतं. फक्त हलता येत नाही. माझे डोळे तेवढे उघडझाप करत होते. अशा माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं. लोक नामस्मरण करतात म्हणे. मी बालाजीचा सूड घेत होतो.

मी त्याला सोसायटीच्या आवारात उभा करायचो आणि टाकीतलं पाणी ग्लासामागून ग्लास पाजायचो, सगळ्या सभासदांसमोर. मी त्याला माझ्या खाटेवर झोपवायचो, नळी त्याच्या घशात घालायचो आणि स्वतः पायथ्याशी उभा राहून त्याचे डोळे बघायचो. त्याच्या बायकोला बाहेर रडायला लावायचो. दररोज नवी शिक्षा. त्यानं अंगात धग राहायची. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला जिवंत ठेवणाऱ्या गोष्टींत ती एक होती.

बारा दिवसांनी ट्रॅकिओस्टॉमी झाली. म्हणजे तोंडातली नळी काढून गळ्याला भोक पाडून तिथे बसवतात. तोंड मोकळं झालं, पण आवाज नाही. मग मनीषानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरांचा तक्ता काढला. ती ओळीवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की मी डोळे मिटायचे.

मी डोळ्यांनी बोललेले पहिले दोन शब्द होते: टाकी. बालाजी.

मनीषाच्या भावाला, संजयला, तेवढं पुरलं. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "भावजी, तुम्ही फक्त बरे व्हा. त्याच्याकडे मी बघतो."

आता टाकीचं सांगतो. दर तीन महिन्यांनी पाण्याच्या टाक्या धुवायच्या आणि टाकीच्या दारावरच्या कार्डावर तारीख घालून दोन सह्या करायच्या, एक वॉचमनची, एक सेक्रेटरीची, असा आमचा नियम होता. धुवायचं म्हणजे एक दिवस पाणी बंद. एक दिवस पाणी बंद म्हटलं की सोसायटीच्या ग्रुपवर सगळे माझ्यावर तुटून पडायचे. "सेक्रेटरींच्या घरी अंघोळी होत नाहीत वाटतं," असं एकानं लिहिलं होतं. म्हणून मी धुणं पुढे ढकललं. एकदा नाही, तीनदा.

कार्ड मात्र भरलं. कंपनीत आम्ही हेच करतो. ऑडिट आलं की मागच्या महिन्यांच्या राहिलेल्या चेकशीट एका बैठकीत भरायच्या, पेन बदलून, म्हणजे एकाच दिवशी लिहिलंय असं दिसत नाही. वीस वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालंय.

बालाजी सही करायला तयार नव्हता. "टाकी तर धुतलीच नाही की, साहेब."

"पुढच्या रविवारी धुवू. तू कर सही."

"मग रविवारीच करतो की."

"बालाजी, तुला नोकरी कुणी दिली?"

त्यानं सही केली. खाली मी केली.

आणि मला हे आठवत होतं. खाटेवर पहिल्या दिवसापासून आठवत होतं. आठवण वर यायला लागली की मी लगेच बालाजीला एक नवी शिक्षा द्यायचो. तो जितका नीच, तितका मी सुटलेला.

आयसीयूत शकुंतला नावाच्या मावशी होत्या. चादरी बदलणं, अंग पुसणं ही त्यांची कामं. हलता न येणाऱ्या माणसाचे मोठे हाल कशानं होतात माहीत आहे? नाकाला खाज सुटते त्यानं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं मी रडतोय. मावशींनीच ओळखलं. त्यानंतर खाटेजवळून जाताना त्या दर वेळी थांबायच्या. "नाक का, दादा?" मी डोळे मिटायचो. त्या हातमोजा बदलून खाजवायच्या आणि पुढे जायच्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नसेल.

एकदा माझी नखं कापता कापता म्हणाल्या, "कुणाला एवढ्या शिव्या घालताय? कपाळावर छापून आल्यात." बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची मुलगी हसली. मला हसता आलं असतं तर मीही हसलो असतो.

सव्विसाव्या दिवशी वॉर्डात आलो. गळ्याच्या नळीवर झडप बसवली आणि घोगरा का होईना, आवाज आला. त्याच आठवड्यात मनीषानं बातमी दिली. बालाजीला काढलं. संजयनं कमिटीपुढे टाकीवरचं कार्ड ठेवलं होतं. "बघा, टाकीत गाळ तसाच आहे, न धुता सही केलीय." जिन्याखालची खोली त्याच दिवशी रिकामी करायला लावली. त्याच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथे त्याचा फोटो टाकला: याला ठेवू नका.

मला जे हवं होतं ते झालं होतं. मी वाट बघितली, आता बरं वाटेल म्हणून.

मनीषानं पर्समधून कार्ड काढलं. "इथे तुमचीपण सही आहे," ती म्हणाली. "तुम्ही टाकी बघितली होती ना?"

वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासाठी ती जशी थांबत असेल, तशी थांबली. मी भिंतीकडे मान वळवली. मान वळवायला मी नुकताच शिकलो होतो. तिनं कार्ड परत ठेवलं आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी औषधांपुरतं बोलली.

खरं मी आधी शकुंतला मावशींना सांगितलं. त्यांची बदली वॉर्डात झाली होती. सगळं ऐकेपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत. उशीचा अभ्रा चढवून झाल्यावर म्हणाल्या, "मग सांगा की तसं सगळ्यांना. बोलता येतंय ना आता?"

मी मनीषाला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तक्त्यावरून बोट मी फिरवत होते. माझ्या हातून करून घेतलंत तुम्ही."

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. अडीच महिन्यांनी वॉकर धरून सोसायटीच्या सभेला खाली उतरलो आणि टाकीची हकिगत सांगितली. कुणी संतापेल असं वाटलं होतं. चेअरमन म्हणाले, "अहो, तुम्ही मरणाच्या दारातून आलात. आता कशाला उकरता? नवीन वॉचमन चांगला आहे." संजय म्हणाला, "भावजी, औषधांचा परिणाम आहे हा." सगळ्यांना बालाजीच दोषी सोयीचा होता. मलाही इतके दिवस तोच सोयीचा होता, त्यामुळे मी त्यांना काय बोलणार? मी तिथेच राजीनामा दिला आणि सोसायटीच्या लेटरहेडवर बालाजीच्या नावानं पत्र मागितलं. चेअरमननी काचकूच करत सही केली.

बालाजी तळवड्याला सापडला. एका छोट्या वर्कशॉपमध्ये टेम्पोतून लोखंडी बार उतरवत होता. मनीषा रिक्षात थांबली. मी वॉकर टेकत गेलो.

"बालाजी, तुम्ही..."

"तूच म्हणा की. नेहमीचंच बरंय." त्यानं बार खाली ठेवला. "कशाला आलाव?"

मी माफी मागितली. घोगऱ्या आवाजात, जेवढं जमलं तेवढं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

"साहेब, तुम्हाला दवाखान्यात टाकलं ना, तवा पंधरा-वीस दिवस मी देवाला म्हणायचो, ह्याला उठव. घर सोडायला लावलं त्या दिवसापासून म्हणायचो, ह्याला उठवू नको. रोज म्हणायचो, न चुकता. पोरगी पेपरला जाताना पिशव्या घेऊन रस्त्यावर उभी होती. मी नाही माफ करणार तुम्हाला. सांगून ठेवतो."

"नको करू," मी म्हणालो. "हे पत्र घे. कुठे नोकरी मागताना दाखव. ग्रुपवरही टाकतो."

त्यानं हात पँटला पुसले आणि पत्र सावकाश वाचलं. मी लिहिलं होतं की टाकीची सफाई झाली नव्हती, ती जबाबदारी सेक्रेटरीची होती आणि गैरसमजातून वॉचमनला दोषी धरण्यात आलं.

"गैरसमज?" तो म्हणाला. "कुणाचा?"

मी पत्रातल्या त्या शब्दाकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?"

"होतं."

"मग तसं लिहा. हे कागदावरचं काढा."

त्याच्या डोळ्यांत दया नव्हती. मी पेन काढलं. माझी बोटं अजून नीट आवळत नाहीत. एका बंद मशीनवर पत्र ठेवलं, पण डावा हात वॉकरवरून काढता येईना आणि कागद सरकत राहिला. दोनदा पेन पडलं. दोन्ही वेळा बालाजीनं ते उचलून दिलं. तिसऱ्यांदा त्यानं कागदाची कड एका हाताच्या ग्रीस लागलेल्या बोटांनी दाबून धरली. दुसरा हात माझ्या कोपराखाली आला, कारण माझे गुडघे थरथरायला लागले होते.

मी ‘गैरसमजातून’ खोडलं आणि वर लिहिलं: ‘मला माहीत असूनही मी खोटं सांगितल्यामुळे’. या एका ओळीला बराच वेळ लागला. तो तेवढा वेळ वाकून उभा राहिला. आतून कुणीतरी "ए बालाजी, टेम्पो सोडायचाय" म्हणून हाक मारली, तर म्हणाला, "थांबा, साहेबांचं होऊ द्या."

चेअरमनच्या सहीखाली माझं नाव घालून सही केली. ही सही करण्याआधी मी वर लिहिलेलं पुन्हा वाचलं.

आज त्याला चिखलीकडे एका सोसायटीत काम मिळालं आहे. आमचं बोलणं नाही. तो मला माफ करणार नाही आणि मीही त्याच्याकडे पुन्हा ते मागणार नाही.

माझा उजवा पाय अजून किंचित फरफटतो. मॅडम म्हणतात, जाईल, वर्ष लागेल. माझ्यावर उपकार एका ओळखपाळख नसलेल्या गर्दीचे आहेत, ज्यांच्या रक्तातलं थोडं थोडं माझ्या शिरांत गेलं. शकुंतला मावशींचे आहेत. आणि त्या माणसाचे आहेत, ज्याला माझा राग होता, आहे, असायलाच हवा, आणि तरी मी खरं लिहीत असताना ज्यानं मला पडू दिलं नाही.