नौली जमली ती पहाट

सोनोग्राफीसाठी पोटावर थंडगार जेल पसरत डॉक्टरीण म्हणाली, "श्वास सोडा... आता थांबा." आणि मी गोव्यातल्या पाळी गावच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मावशी मला नौली, म्हणजे पोटाचा मधला स्नायू उभा करून फिरवायची योगक्रिया, शिकवत होती. खनिजाचे ट्रक सुरू झाले की घरभर लाल धूळ, म्हणून आम्ही पहाटेच उभ्या राहायचो. बाबाही ट्रकच चालवायचे. खाणीवरच्या रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून अंधारातच निघायचे.

पोलकं वर खोचून, गुडघ्यांवर हात टेकून मी वाकायची. "वारो सगळो भायर सोड, पोट पाठीक लाव," मावशी म्हणायची. पोट खोल जायचं, पण मधला स्नायू काही केल्या उभा राहत नव्हता.

त्या दिवशी मी तशीच वाकलेली असताना शेजारचे काका चपलांसकट पडवीत आले. "बाये, तुझो बापूस गेलो. ट्रक उलटलो."

मी हलले नाही. पोटाच्या मधोमध तो स्नायू दोरखंडासारखा उभा राहिला. जमलं की, एवढंच मनात आलं. रडू आलं नाही. मावशी पाठीवर थापट्या मारत ओरडत होती, "श्वास घे गो!"

"घ्या आता श्वास," डॉक्टरीण म्हणाली. तिलाही ते पुन्हा सांगावं लागलं.