बर्फ टाकू नका म्हटलं ना!

लसीच्या ट्रायलवर काम करणाऱ्या माणसाकडे शेवटी दोनच गोष्टी साठतात, ॲसिडिटी आणि किस्से. ॲसिडिटीवर गोळी तरी मिळते. किस्से कोणाला तरी सांगूनच टाकावे लागतात, म्हणून तुम्हाला धरलंय.

मानोरा तालुक्यात आमचं केंद्र होतं. डेंग्यूवरची नवी डीएनए लस. मी कारंज्याची, लोकांची भाषा कळते, म्हणून मला नेमलं. कळते हाच तर सगळा ताप!

*

पहिल्याच गावात समाजमंदिरात मीटिंग घेतली. मी जीव तोडून सांगितलं, विषाणूच्या एका तुकड्याचा डीएनए आपल्या पेशीत जातो, पेशी तो तुकडा स्वतः बनवते आणि दारात मांडते, मग रक्तातल्या टी पेशी त्याला ओळखायला शिकतात. खरा विषाणू आला की लगेच धरतात.

मागून एक भाऊ उठले. "मॅडम, डीएनए म्हणजे बाप कोन हाय ते पाह्याचं न?"

"ते वेगळं, भाऊ. तुमच्या डीएनएला हातही लागत नाही."

"पक्कं न? नाही तं आमच्या पोरीची कास्ट व्हॅलिडिटी आताच आली. पुन्हा चकरा माराची ताकद नाही आपल्यात!"

झालं! टी पेशींवर एक प्रश्न नाही आणि व्हॅलिडिटीवर तासभर चर्चा. मी आपली पाणी पीत बसले.

*

ही लस बिनसुईची. दंडाला यंत्र टेकवायचं, टक् आवाज येतो, औषध कातडीत जातं. मला वाटलं, लोक खूश होतील.

कौसाबाई म्हणून एक आजी होत्या. टक् झालं तरी उठेनात.

"झालं, आजी."

"काय झालं? दुखलं कुठी?"

"दुखतच नाही ही."

"मंग लागू कशी पडन वो?" आजी उठल्या, आणि बाहेरच्या रांगेला सांगून आल्या की आत नुसता आवाज करून राह्यले. रांगेतल्या बाया दारात येऊन उभ्या. "आमाले ते दुखनारी द्या!"

बिनसुईच्या लसीसाठी किती वर्षं डोकी झिजली असतील, आणि इथे ही मागणी!

*

पण खरा छळ रक्ताचा. टी पेशी विषाणू ओळखायला शिकल्या का, ते रक्तावरूनच कळतं, आणि त्या पेशी अमरावतीच्या लॅबमध्ये जिवंत पोचाव्या लागतात. रक्त गार करायचं नाही, तापवायचंही नाही.

आमचा ड्रायव्हर गजानन आधी पोलिओच्या मोहिमेत होता. पहिलीच खेप त्याने बर्फात पुरून नेली. लॅबचा फोन आला, पेशी कामातून गेल्या.

"गजानन, बर्फ कशाला?"

"लस म्हटलं का बर्फ, मॅडम!"

"अहो, हे रक्त आहे!"

दुसऱ्या खेपेला बर्फ नव्हता. कारंज्याला चहाला थांबला, तर हॉटेलवाल्याने माणुसकी दाखवली आणि बॉक्स उचलून कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवला! "उन्हानं खराब झालं असतं न मॅडमचं सामान." आता या माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या?

वरून साहेबांचा फोन. "पुढचीही खेप वाया गेली तर केंद्र बंद करू." म्हणजे माझी नोकरीही गेली, गजाननचीही.

*

आणि त्याच वेळी लोक रक्त द्यायला नाही म्हणायला लागले. उरले एकटे श्रीराम आबा, तेही अडलेले.

"देली न लस? आता वापस कायले काढून राह्यली?"

मी कपाळावर हात मारला. "आबा, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला तर काय करता?"

"ते झाड उपटून फेकतो. नाही तं सारं वावर पिवळं होते."

"टी पेशी तेच करतात. विषाणू शिरलेली आपलीच पेशी मारतात, म्हणजे पुढे पसरत नाही."

आबांनी आपल्याच दंडाकडे निरखून बघितलं. "हे उपटनारे माह्या आंगात हायेत?"

"हो."

"मले दाखवशीन तं देतो."

दाखवते म्हटलं. काय करणार!

रक्त घेतलं, आबांनाही जीपमध्ये बसवलं आणि अमरावतीला निघालो, तर नेमकी रामनवमी. पोहरादेवीच्या जत्रेच्या गर्दीत जीप अडकली ती अडकलीच. एसी बंद पडला, ऊन बॉक्सवर. गजानन उतरला आणि रसवंतीवरून पिशवी घेऊन आला. "मॅडम, थोडासाच बर्फ..."

"बर्फ टाकू नका म्हटलं ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या ट्रॅक्टरवरचे लोक वळून बघायला लागले. मग मला रडूच आलं.

आबांनी शांतपणे बॉक्स उघडला, ट्यूब काढल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. "माहं रक्त हाय. माह्यापाशी राहू दे."

लॅबमध्ये पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. तिथल्या मुलीने रंग घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. "मॅडम, निळं जवळपास काहीच नाही. जिवंत आहेत!"

मी साहेबांना फोन लावला, गजाननने बाहेर जाऊन पेढे आणले. आबा मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले. बराच वेळ बघितलं. मग खुर्ची सरकवली आणि दंड माझ्यापुढे केला.

"दिसले. आता टाक वापस. इकडं उपटाले कोनी नको का?"