माझ्या साडूंनी माझ्या साडूंविरुद्ध केलेली तक्रार

समस्त बडोदेकर घरमालक, भाडेकरू, सुतार, रंगारी आणि वेल्डिंगवाले यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझे थोरले साडू वाडीत उलटे चालत आहेत. तरी स्कूटरवाल्यांनी हॉर्न वाजवावा, भाजीवाल्यांनी हातगाड्या आवराव्यात, आणि ज्यांनी गेल्या महिनाभरात लाकडी खिडकी काढून अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली आहे त्यांनी काही दिवस परगावी जाऊन राहावे. पृथ्वीच्या पाठीवर माझ्या साडूंएवढा रागावलेला माणूस दुसरा नाही. आणि असलाच, तर तो इतक्या नियमाने रागावत नसेल.

माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. साडू हे नातं मोठं गमतीचं असतं. भांडायला भावाइतकं जवळचं, पण रुसून बसायला पुरेसं लांबचं. साडूंनी उभा जन्म रेल्वेच्या नकाशे काढायच्या खात्यात काढला आणि निवृत्त झाल्यावर सरळ रेषेबद्दलचं सगळं प्रेम आमच्या जुन्या शहरावर ओतलं. या जुन्या शहरातली घरं कुणी मनाला येईल तशी सोलू नयेत म्हणून एक समिती आहे. घराच्या दर्शनी भागात काही बदलायचं तर तीन प्रतींत अर्ज करायचा, शेजारच्या दोन्ही घरांसकट समोरून फोटो काढून जोडायचा, रंगाचा नमुना लावायचा आणि महिन्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीकडे डोळे लावून बसायचं. नियम तसा सोपा. जे रस्त्यावरून दिसतं, त्याला परवानगी हवी. जे दिसत नाही, त्याच्याशी समितीला कर्तव्य नाही. या समितीवर रहिवाशांचे प्रतिनिधी म्हणून माझ्या साडूंना घेण्यात आलं. ज्याने कुणी हे नाव सुचवलं तो त्यानंतर वाडीत राहिला नाही, असं म्हणतात.

आता ‘रस्त्यावरून दिसतं’ म्हणजे रस्त्यावर नेमकं कुठून, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. साडूंनी ते ठरवून टाकलं. समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे जायचं, आणि तिथून जे दिसेल ते दिसलं. त्यामुळे ते एखाद्या घरापुढे उभे राहायचे, कपाळावर आडवा तळहात धरायचे आणि वर बघत एकेक पाऊल मागे सरकायचे. मागून गाय येवो, रिक्षा येवो, वरात येवो, साडू थांबायचे नाहीत. पाठ टेकली की वाडीतली ती पोळ, म्हणजे दाट वस्तीची अख्खी गल्ली, हादरेल अशा आवाजात निकाल यायचा, “दिसतंय!” गुजराती घर असलं तर माणुसकी म्हणून भाषांतरही व्हायचं, “देखाय छे!” त्यांच्या घरासमोरच्या बांगडीवाल्या भाईंच्या काचेच्या कपाटावर ते इतक्या वेळा आदळले की भाईंनी शेवटी दाराशी एक जुनी उशीच बांधून ठेवली. साडू मागे येताना दिसले की भाई आतूनच म्हणायचे, “आवो काका, हजी बे पगलां बाकी छे,” म्हणजे अजून दोन पावलं आहेत.

पण पोळमधली माणसंही काही कच्ची नव्हती. दिसण्यावरच सगळं अवलंबून आहे म्हटल्यावर त्यांनी न दिसण्याचे उद्योग सुरू केले. एकाने नव्या खिडकीपुढे एक जांभळी साडी वाळत घातली, ती दोन दिवाळ्या वाळत होती. साडूंनी शेवटी खालून हाक मारली, “अहो वहिनी, साडी आहे की ओली भिंत?” साडूंच्या अगदी शेजारच्याने त्याहून कडी केली. गॅलरीत एसीचं यंत्र बसवलं आणि त्याभोवती कोरीव जाळीचं, कळसबिळस असलेलं लाकडी कपाट केलं. येणाऱ्याजाणाऱ्या बायका खालून हात जोडू लागल्या. एक आजीबाई तर टपटप पडणारं पाणी तळहातावर घेऊन डोळ्यांना लावायच्या. साडू उलटे चालत गेले, उशीवर आदळले आणि तांबडेलाल झाले. घरमालक वरून म्हणाला, “काका, आ तो मंदिर छे!” “मग तुमचा देव उन्हाळ्यातच का घुरघुरतो?” साडू कडाडले. पुढच्या बैठकीत कळस उतरला. आजीबाई मात्र अजून साडूंशी बोलत नाहीत.

आम्ही नव्या भागात, फतेगंजला, फ्लॅटमध्ये राहतो. तिथे साडू आले की आमच्या काचेच्या खिडकीकडे पाठ करून चहा पितात. इमारतीबद्दल एकदाच बोलले, “ही बांधलेली नाही, रचलेली आहे.” मी हसलो तेव्हा माझ्यावरही रागावले.

या रागाची मी टिंगल करतो खरी, पण एका रागात मीही त्यांच्याबरोबर आहे, आणि तो अजून गेलेला नाही. पोळच्या तोंडाशी एक फार देखणं घर होतं. गॅलरीखालच्या प्रत्येक लाकडी टेकूवर पोपट कोरलेला, आणि एका पोपटाची चोच तुटलेली. त्या घराला एके दिवशी हिरवी जाळी लागली. साडूंनी विचारलं तर उत्तर आलं, “डागडुजी.” साडूंनी समितीला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं, मग लाल शाईने तिसरं. उत्तर आलं की रस्त्यावरून कोणताही बदल दिसत नसल्याने कारवाई करता येत नाही. बरोबरच होतं. जाळीमागचं कसं दिसणार? चार महिन्यांनी जाळी उतरली तेव्हा मागे घरच नव्हतं. पलीकडच्या गल्लीतले वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. त्या दिवशी मी साडूंबरोबर होतो. ते उलटे चालले नाहीत, ओरडलेही नाहीत. जिथल्या तिथे उभे राहून एवढंच म्हणाले, “त्या पोपटाला मी नवी चोच करून देणार होतो.” अर्ज करणाऱ्या गरिबाला खिडकीच्या बिजागरीवरून तीन फेऱ्या, आणि अर्जच न करणाऱ्याला अख्खं घर माफ! त्यानंतर साडू जास्तच कडक झाले. ज्यांना थांबवायला हवं होतं त्यांना थांबवता आलं नाही, म्हणून जो थांबवता येईल त्याला ते थांबवत सुटले. आणि सगळ्यात सहज थांबवता येईल असा माणूस म्हणजे ते स्वतः.

इथे ताई येते. ताई म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, फक्त पायऱ्या उतरताना धरायला काहीतरी हवं. साडूंच्या घराच्या ओटल्यावरून, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरून, गल्लीत उतरायला दगडी पाच पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी अशी उंच की तरण्या माणसानेही देवाचं नाव घेऊन उतरावं, आणि धरायला दोन्ही बाजूंना नुसती हवा. ताईचा आणि गल्लीचा चाळीस वर्षांचा घरोबा. रोज पाच वाजता समोर, बांगडीवाल्याच्या शेजारच्या ओटल्यावर, तिघी मैत्रिणींबरोबर तिची बैठक भरायची. मटार सोलायचे, आणि मटारांबरोबर आम्हा सगळ्यांना. आता तिघी खालून ओरडून बोलायच्या, ताई आतून खिडकीतून. ओरडून बोलण्यात काय राम? हळूहळू ताईने खिडकीत येणं कमी केलं. जेवण कमी केलं. माझी बायको दर महिन्याला तिचे ब्लाऊज शिंप्याकडून लहान करून आणू लागली आणि प्रत्येक वेळी माझ्यावर भडकू लागली, जणू पायऱ्या मीच घडवल्या होत्या.

शेवटी ती साडूंवरच धावून गेली. “भाऊजी, एक कठडा बसवायला काय हो होतंय तुम्हाला?”

“कसला कठडा? स्टीलचा? घर आहे की दवाखाना? दिसेल!”

“मग लाकडाचा करा. छान कोरून, जुन्यासारखा.”

“म्हणजे खोटा! नव्या लाकडाने जुन्याचं सोंग आणायचं? शंभर वर्षांनी बघणारा फसेल त्याने.”

“शंभर वर्षांनी बघणाऱ्याची एवढी काळजी,” माझी बायको म्हणाली, “आणि आत्ता खिडकीतून बघत बसलीय तिची?”

साडू उठून गेले. पण त्यांनी अर्ज केला. तीन प्रतींत, नकाशासकट. बैठकीत स्वतःचा अर्ज निघाला की सभासदाने बाहेर जायचं असतं, तसे ते बाहेर गेले. आत उरलेल्यांना मोठा पेच पडला. मंजूर करावा तर हे आत येऊन ओरडतील, नामंजूर करावा तर ताईला काय तोंड दाखवायचं? त्यांनी ‘पुढील बैठकीत’ असं लिहिलं. पुढील बैठकीत पुन्हा ‘पुढील बैठकीत’. असं तीनदा झालं. ताईला घरात बसून आठ महिने झाले.

मग माझ्या बायकोने कायदा हातात घेतला आणि मला कटात. माझं काम एवढंच की साडूंना दुपारभर घराबाहेर ठेवायचं. मी फोन केला, “साडूभाऊ, घडियाळी पोळमध्ये कुणीतरी जुना दरवाजा हिरवागार रंगवलाय!” साडू जेवणाच्या ताटावरून उठले. तीन तास आम्ही तो दरवाजा शोधला. त्या तीन तासांत वेल्डिंगवाल्याने इकडे पाचही पायऱ्यांना साधा काळा लोखंडी पाइप बसवला. परत येताना साडू माझ्यावर गरजत होते, “कुठला दरवाजा? अरे, हिरवा होता तो पहिल्यापासूनच हिरवा आहे!” आणि घरापुढे येऊन थांबले. कपाळावर तळहात गेला. पावलं मागे सरकू लागली. पाठ उशीला टेकली.

“दिसतंय!”

त्याच संध्याकाळी त्यांनी समितीकडे लेखी तक्रार केली. स्वतःच्या घराविरुद्ध. विनापरवाना बांधकाम, ठिकाण अमुक, मालकाचं नाव तमुक, म्हणजे तेच. नोटिसांचा मजकूर समितीत साडूच लिहून द्यायचे, ही नोटीसही त्यांनीच लिहिली. चार दिवसांनी शिपाई ती घेऊन त्यांच्याच दारात आला. साडूंनी मालक म्हणून सही केली, चष्मा लावून वाचली आणि संतापले, “भाषा बघा कसली उद्धट!” नोटीस आहे तोवर पाइपाला कुणी हात लावायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. ताई उंबऱ्यातून पाइपाकडे बघायची आणि आत जायची.

पाहणीचा दिवस उजाडला. निर्णय काय झाला ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला तुमचं लक्ष कागदात अडकायला नको. कठडा राहिला. चकचकीत रंग घासून मंद काळा द्यावा आणि बोल्ट दगडात न ठोकता दोन दगडांच्या सांध्यात बसवावेत, एवढ्या दोन अटी. दोन्ही योग्य होत्या. लोखंडाने लाकडाचं सोंग आणलेलं नाही याबद्दल शेऱ्यात समाधानही व्यक्त केलं आहे. साडू अजून समितीवर आहेत, अजून उलटे चालतात, उशी बदलून नवी बांधली आहे. पोळच्या तोंडाशी मात्र काचेचा शोरूम उभा राहिला आहे, आणि तिथून जाताना आम्ही दोघेही मान खाली घालतो. तिथे सगळंच दिसतं, म्हणून बघवत नाही.

तर त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता समिती आली. अध्यक्षबाई स्वतः वास्तुकार, फार शांत. त्यांनी वही उघडली. “तक्रारदार?”

“मी,” साडू म्हणाले.

“घरमालक?”

“मीच.”

“आणि समितीतर्फे तुम्ही...”

“समितीतर्फे मी आलेलोच नाही. बाजूला झालोय.”

“बरं,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “मग जे कुणी आला आहात त्यांनी दाखवा, काय दिसतंय ते.”

सारी पोळ ओटल्यांवर जमली होती. साडूंनी कपाळावर तळहात धरला आणि मागे सरकायला सुरुवात केली. भाई दुकानातून कुजबुजले, “बे पगलां, काका.” पाठ टेकली. आता ‘दिसतंय’ येणार म्हणून आम्ही कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात दार उघडलं आणि ताई बाहेर आली. मागे माझी बायको, पण हात न लावता. ताईने एका हातात निऱ्या धरल्या, दुसऱ्या हाताने पाइप. नोटीस, परवानगी, समिती, कुणाकडे बघितलं नाही. एक पायरी. दुसरी. समोरच्या तिघींचे मटार सोलणारे हात थांबले. तिसऱ्या पायरीवर गल्लीतलं तिरपं ऊन होतं, तिथे ती दम घ्यायला थांबली. साध्या लोखंडाला धरून, उन्हात, आठ महिन्यांनी.

साडूंचा तळहात कपाळावरून हळूहळू खाली आला. पोळमधल्या प्रत्येक घराची प्रत्येक खिडकी ज्याला पाठ, तो माणूस समोरच्या भिंतीला टेकून आपल्या घराकडे बघत राहिला. मग त्यांचं तोंड उघडलं, आणि सगळ्या समितीसमोर, सगळ्या पोळसमोर, नेहमीच्याच त्या रागावलेल्या आवाजात ते ओरडले,

“अगं, तू एवढी बारीक कधी झालीस?”