टॉवरमामांचा पाण्याचा पेला

टॉवरमामा कोठेही बसले की प्रथम काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला समोर ठेवीत आणि त्याकडे निरखून पाहत. मुंबईत उंच इमारतींच्या सेंट्रिंगचे फोरमन म्हणून त्यांचे आयुष्य गेले होते. वारा सुटला की इमारत किती झुलते, हे ते पेल्यातल्या पाण्यावरून ताडीत. कणकवलीस कचेरीबाहेर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. त्यावरही तो पेला येई. "रे वकीला, तुजा टेबल टावरापेक्षा जास्ती हलता," असे ते म्हणत. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी माझ्या अर्जातील शब्द आजवर कोणा साहेबाने खोडलेला नाही. ही थट्टा मी केवळ त्यांचीच सहन केली.

गावी परतल्यावरही नव्या संशोधनाची कात्रणे त्यांच्या खिशात असत. इमारतीची हातभर प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात कशी तपासतात, शेंड्याशी लोखंडाचा प्रचंड लोलक टांगून तिचा झोका कसा आवरतात, हे ते रंगून सांगत. शेवटी ठरलेले वाक्य येई : "टावर हलता म्हणान उभो रवता."

पुढे त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. औषधे लागू पडेनात, तेव्हा मुंबईच्या एका रुग्णालयाने नवा उपचार सुचविला. रुग्णाच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी काढायच्या, रोग ओळखण्यास त्यांना प्रयोगशाळेत तयार करायचे आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. मामा हरखून गेले. "माजेच कामगार रे! भायर न्हेतले, नवीन काम शिकवतले आणि परत साइटवर धाडतले!"

रुग्णालयाचे संमतीपत्र घेऊन ते माझ्याकडे आले. पेनाचे टोपण त्यांनी आधीच काढले होते. सहीच्या जागी मी सवयीने पेन्सिलीची फुली केली आणि मग मजकूर वाचला. 'उपचाराचा उपयोग होईलच असे नाही. जिवास धोका संभवतो.' असला मोघम कागद मी माझ्या टेबलावरून पुढे जाऊ देत नाही.

"मामा, थांबा. बरे करण्याची लेखी हमी मागू."

"टावर हलाचो नाय, असा खंयच्या इंजिनियरान लिवन दिल्यान रे? किती हलतलो ता सांगतत. माका तितक्या पुरे."

"हा जिवाचा प्रश्न आहे, मामा. इमारतीचा नव्हे."

त्यांनी पेल्याकडे पाहिले. "बरा. तुका कायदो कळता. लिव."

तीन पानी अर्ज मी पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने धाडला : हमी मिळेपर्यंत संमती राखून ठेवण्यात येत आहे. उत्तर येण्यास महिना लागला. अशी हमी कोणत्याच उपचाराची देता येत नाही, रुग्णाने विनाविलंब यावे, एवढेच त्यात होते. मी स्वतः मामांना घेऊन गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा चाळले. पेशी काढण्याजोगी प्रकृती आता राहिली नव्हती.

"इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारले.

अर्जाची स्थळप्रत माझ्या पिशवीत होती. मामांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"गावाकडे थोडी कामं होती, बाई," ते म्हणाले.

त्यानंतर दीड महिन्यात ते गेले. संमतीपत्र माझ्या पेटीतच राहिले आहे. त्यावर मामांची सही नाही; माझी फुली आहे.