दिवाळीआधीचा अभ्यासक्रम

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा शिकवण्याचा नऊ वर्षांचा अनुभव माझ्या गाठीशी होता. तिथे तो फारसा कामाला आला नाही. शाळेत शिक्षक दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर निवृत्तीला आलेले, खालच्या गावात खोली घेऊन राहणारे. मी रोज नाशिकहून बसने ये-जा करायचे.

पहिल्याच वर्षी दिवाळीची सुटी संपवून वर्गात गेले, तर एकोणीसपैकी आठच मुलं हजर. बाकीची आईवडिलांबरोबर पिंपळगावकडे द्राक्षबागांत कामाला गेली होती. तिकडच्या शाळेत त्यांना बसवायची सोय कागदावर होती, पण बागा सारख्या बदलायच्या. मुलं परतली ती एकदम शिमग्याला.

त्यांच्यात दुसरीतली एक मुलगी होती. दिवाळीआधी अडखळत का होईना, पण वाक्य वाचायची. आता पुस्तक उघडून नुसतीच बसली. मी विचारलं, "काय झालं गं?"

"बाई, ह्यो धडा आपला नाय," ती म्हणाली.

तिचं खरं होतं. ती गेली तेव्हा वर्ग पाचव्या धड्यावर होता, आली तेव्हा सोळाव्यावर.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरांना म्हणाले, "या मुलांचं वर्ष जूनला सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. आपण मात्र ते एप्रिलपर्यंत धरून चालतो."

सरांनी हातातला हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "मी हे कितीतरी वर्षं बघतोय, बाई. एकट्याने हात घालायची हिंमत झाली नाही. आता दोघं आहोत, करून बघू."

मे महिन्याच्या सुटीत आम्ही शाळेतच बसलो आणि दोनशे पानी वहीत सगळं वर्ष नव्याने मांडलं. वाचन, लेखन आणि हिशेबाचा गाभा दिवाळीआधी. बागेत जाणाऱ्या मुलांबरोबर द्यायला पुठ्ठ्याची कार्डं: घडातले मणी मोज, क्रेटवर काय लिहिलंय ते वाच. शिमग्यानंतर सगळ्यांची मिळून उजळणी. धडेही आम्हीच लिहिले, मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टींवर.

नागलीचा, म्हणजे नाचणीचा, धडा माझा. मला तो फार आवडला होता. जूनमध्ये त्या मुलीची आई शाळेत आली, तेव्हा मी तो तिला हौसेने वाचून दाखवला. तिने हसू दाबत पदर तोंडाला लावला.

"बाई, असं नाय. आधी पाला-काटक्या पसरून राब भाजायचा, मंग पेरायचं, रोप झालं का उपटून लावायचं. तुमची नागली उगवायची नाय."

मी तिथेच तिच्यासमोर धडा खोडला आणि ती सांगेल तसा लिहून घेतला. आमच्या घरची फुलांची शेती, त्यामुळे शेतीतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. पुढे प्रत्येक धडा आम्ही आधी आयांना वाचून दाखवू लागलो.

वर्ष बरं चाललं होतं. शिमगा झाला, मुलं परतली, काहींची कार्डं बागेतच राहिली होती, काहींची मळून मऊ झाली होती. आणि एका सकाळी न कळवता शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी आले. सरांच्या वर्गात त्यांनी पाठ्यपुस्तकं चाळली. अर्ध्याहून अधिक धड्यांवर पेन्सिलची खूणही नव्हती.

"हे शिकवलंच नाही?"

सरांनी वही पुढे केली. साहेबांनी ती उभ्यानेच वाचली. मग त्या मुलीला, ती आता तिसरीत होती, पुस्तकातलं न शिकवलेलं पान काढून दिलं. ती एका शब्दाला अडली, मागे आली, पुन्हा वाचला आणि पुढे गेली. पान पुरं केलं. शेजारच्याला वजाबाकी दिली, त्याने ती चुकवली.

"परवानगी कुणाची घेतली होती?"

"कुणाची नाही, साहेब. मी थोरला, जबाबदारी माझी," सर म्हणाले.

"कल्पना माझी होती," मी दारातून म्हणाले.

साहेबांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "वही घेऊन जातो," एवढंच बोलून गेले.

पुढचे बारा दिवस काही कळलं नाही. घरी वडिलांनी विचारलं, "नोकरीवर गदा येईल का गं?" मी नाही म्हणाले. पण नोटीस आली तर काय उत्तर द्यायचं, याची मी बसमध्ये मनातल्या मनात तयारी करायचे.

तेराव्या दिवशी पेठला बोलावणं आलं. साहेबांनी वही टेबलावर ठेवली. पानापानाच्या समासात बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, कोणत्या धड्यातून मुलाला काय यायला हवं ते.

"मोजमापातलं दोन ठिकाणी सुटलंय, ते घाला. वजाबाकीला आणखी दिवस द्या. बाकी असंच चालू ठेवा."

सरांनी विचारलं, "साहेब, हे लेखी मिळेल?"

ते हसले आणि त्यांनी पहिल्याच पानावर सही केली. मग म्हणाले, "सुरुवातीला मी सुरगाण्याकडे शिक्षक होतो. तिथलीही मुलं जायची. मी गैरहजेरी लावत बसायचो, दुसरं काही सुचलं नाही."

बाहेर आल्यावर सरांनी चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला. आम्ही चहा घेतला, दोघांनीही साखर जास्त मागितली. मुलं यंदाही दिवाळीनंतर जाणार, ते आमच्या हातात नव्हतं. पण परत येतील तेव्हा वर्ग त्यांच्यासाठी थांबलेला असेल, आणि त्यासाठी आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं.

नाशिकच्या बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. घाट कधी उतरला कळलं नाही. कंडक्टरने हाक मारली तेव्हा गाडी रिकामी झाली होती. "उतरा ताई, स्टँड आलं," तो म्हणाला, "लय गाढ झोपला होता तुम्ही."